उंच लोकांनो, विमानात गुडघे ठेवता कुठे?

उंची सहा फूट पाच इंच. लग्नात अंतरपाट धरणाऱ्या मामांचे हात भरून आले तरी मला पलीकडचं सगळं दिसत होतं. घरोघरी "आलायस तर पंखा पुसून दे" हे ऐकत मोठा झालो, त्याचं काही नाही, पण विमानात बसलं की खरंच रडू येतं. गेल्या वर्षी एका स्वस्तातल्या फ्लाइटला पुढच्या काकांनी सीट मागे घ्यायला तीन-चार धक्के मारले, सीट हलेना, मग बेल दाबून एअर होस्टेसला बोलावलं की बटण खराब आहे. तिने सीटकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि काकांना म्हणाली, "हो सर, खराब आहे."

आता मार्चमध्ये मुंबई-न्यूयॉर्क करायचंय, त्याआधी पुणे-दिल्ली. बिझनेस क्लास खिशात बसत नाही आणि इकॉनॉमीत मी बसत नाही. कमी पैशात जागा कशी मिळवलीत ते लिहा. ऐकीव नको, स्वतः बसून बघितलेलं सांगा.

नागपुरी_ताड
इमर्जन्सी एक्झिटजवळची रो, दुसरं काय! तिथे पायाला जागा जास्त. पण भाऊ त्यातपण मेख आहे. इंडिगोच्या ए३२० विमानाला १२ आणि १३ अशा दोन एक्झिट रो लागोपाठ असतात. १२ ची पाठ मागे जात नाही, कारण मागे दुसरा एक्झिट, वाट अडवायची नाही. १३ ची जाते. आणि ११ वाला बिचारा, त्याला पायाला जागापण नाही आणि पाठपण हलत नाही, एक्झिटच्या जवळ आहे म्हणून मी एकदा खुशीत ११ घेतली होती, तेव्हापासून कानाला खडा. टेकऑफ-लँडिंगला बॅग पायाशी ठेवू देत नाहीत, लहान मुलं, गरोदर बाई, कुणाला धरून चालावं लागतं असे लोक तिथे चालत नाहीत, म्हणून फॅमिली सोबत असली की हा मार्ग बंद. मी पैसे भरून घेतो तेव्हा हजार-बाराशे जातात. पण दोनदा फुकट मिळालीय, काउंटरवर लवकर जाऊन नुसतं सरळ उभं राहायचं आणि गोड बोलायचं. समोरच्याची मान वर झाली की अर्धं काम झालं.

सुरपारंब्या
मी बाई, पाच अकरा. सगळे सांगतात पहिली रो घे, भिंतीसमोरची. घेतली, जास्तीचे पैसे भरून, आखाती देशातून येताना. गुडघ्यापुढे जागा आहे, पण पाय लांब करायला गेलं की भिंत! नेहमीच्या सीटला निदान पुढच्या सीटखाली पावलं तरी सरकतात. शिवाय टेबल हाताच्या दांड्यात कोंबलेलं असतं त्यामुळे दांडा वर होत नाही आणि बूड आवळून बसावं लागतं. वर बाळाचा पाळणा त्याच भिंतीला लागतो, माझ्या दोन्ही बाजूला एकेक बाळ होतं, दोघांनी आळीपाळीने ड्यूटी केली. हां, मांडी घालून बसायला मात्र एक नंबर.

टेपवाला
धंदा फर्निचरचा आहे म्हणून सांगतो, नुसत्या उंचीवर जाऊ नका. स्टुलावर पाठ भिंतीला चिकटवून बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत टेपने मोजा. मी सहा तीन, माझं साडेसव्वीस इंच भरतं. धाकटा भाऊ सहा पाच, त्याचं पंचवीसच, त्याची सगळी उंची धडात आहे, त्यामुळे तो मजेत झोपतो आणि मी आडवातिडवा. आता कंपनीवाले जो पिच सांगतात तो म्हणजे एका सीटच्या एका जागेपासून पुढच्या सीटच्या त्याच जागेपर्यंतचं अंतर, म्हणजे पाठीची जाडी त्यातच आली. स्वस्त विमानात २८ ते ३० इंच, लांबच्या इकॉनॉमीत साधारण ३१-३२, प्रीमियम इकॉनॉमीत ३८ च्या आसपास. पाठ पातळ असेल तर तेवढ्याच पिचमध्ये इंच-दीड इंच जास्त मिळतो. आणि गुडघ्यासमोरच्या खिशातलं मासिक, पाण्याची बाटली सगळं काढून टाका, हसू नका, अर्धा इंच तो अर्धा इंच.

लंबोदर_नव्हे_लंबटांग्या
नाहीच जमलं तर आइल सीट, म्हणजे वाटेकडची. तिच्या वाटेकडच्या दांड्याखाली मागच्या बाजूला बिजागरीपाशी बऱ्याचदा एक छोटं बटण असतं, बोटाने चाचपडायचं, दाबलं की दांडा वर जातो. एक पाय बाहेर. फक्त जेवणाची ट्रॉली आली की आत घ्या. मी झोपेत विसरलो होतो, नडगीवर खूण आहे अजून.

जर्सीकर
न्यू जर्सीत १४ वर्षं, सहा चार. अमेरिकेतल्या अमेरिकेत जाताना मुद्दाम जेटब्लू कंपनीची फ्लाइट बघतो, त्यांच्या साध्या सीटलाच ३२ इंच मिळतात, वेगळे पैसे नाहीत. भारतात येताना बोइंग ७७७ विमान असेल तर सगळ्यात मागच्या काही रो बघा. शेपटीकडे विमान निमुळतं होतं म्हणून तीनाच्या ऐवजी दोनच सीट बसवतात, आणि खिडकीच्या सीटशेजारी भिंतीकडे फट राहते. त्या फटीत एक पाय, एक उशी, सगळं जातं. संडास जवळ आहे, वास आणि रांग धरून चाला. सीट घेण्याआधी सीटच्या नकाशात पुढच्या सीटखाली स्क्रीनच्या यंत्राचा डबा आहे का तेही बघा, तो डबा नेमका पावलाच्या जागेवर येतो.
इथे २०१८ मध्ये कायद्यातच लिहिलं होतं की सीटचं किमान माप ठरवा. २०२२ मध्ये लोकांची मतं मागवली, मीपण रात्री जागून दोन पानं पाठवली. माझ्या सीटला काही फरक पडला नाही.

मिसळप्रेमी
जपानला जाणार असाल तर जपान एअरलाइन्सचं बोइंग ७८७ सोडू नका. इतर बहुतेक ठिकाणी एका रांगेत नऊ जण कोंबतात, यांचे आठच, आणि पिच ३३. बंगळुरूहून गेलो, इकॉनॉमीतच, उतरल्यावर चालता आलं.

पंचगंगाकाठी
आमच्याकडे कोल्हापूर-हैदराबादला एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान असतंय. आतली उंचीच १.९१ मीटर, म्हणजे सव्वासहा फूट. मी सहा चार, शिरताना नवस बोलल्यासारखी मान खाली. पण दोन-दोन सीट, मधली भानगड नाही, चढायचं मागच्या दारातनं, म्हणून मागचीच सीट घ्यायची, वाकून चालायचं अंतर कमी. तासाभराचा तर प्रवास, काय मरतोय काय.

गोळीइंजेक्शन
पेशाने डॉक्टर. चार तासांच्या वरचा प्रवास असेल तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जे छापलं त्यात १.९ मीटरच्या वरच्यांना तो इतरांपेक्षा जास्त असल्याचं आहे. पावलं वरखाली करत राहा, तासा-दोन तासांनी उठा, पाणी प्या. आधी कधी गुठळी झाली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा, मनाने गोळ्या घेऊ नका. आणि गंमत म्हणजे त्याच यादीत १.६ मीटरच्या खालचेपण आहेत.

नागपुरी_ताड
पुढच्याची सीट मागे येऊ नये म्हणून अडकवायची क्लिप मिळते ना, ती घेऊ का?

जर्सीकर
नको रे बाबा. २०१४ ला इथे नेवार्क-डेन्व्हर फ्लाइटमध्ये त्याच क्लिपवरून भांडण होऊन विमान शिकागोला उतरवलं होतं. त्यापेक्षा पुढच्याला आधीच सांग, जेवण झाल्यावर मागे घ्या म्हणून. दहातले सात ऐकतात.

पाऊणेपाच_फुटी
मी मूळ लेखकाची बायको. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, सीटची कड मांडीला रुतते, त्यामुळे डॉक्टर म्हणतात ते अगदी पटलं. मी पायाखाली बॅग घेते. एक्झिट रोला बॅग ठेवू देत नाहीत, म्हणून हे १३ वर आणि मी कुठेतरी २२ वर, असा आमचा संसार आहे.

मूळ लेखक
टेपने मोजलं. सत्तावीस भरलं. हिने मोजलं. पुणे-दिल्लीला १३-सी घेतलीय, हिला २२-डी. न्यूयॉर्कसाठी मागच्या फटीच्या दोन सीट बघतोय, फटीकडे मी बसायचं की तिची बॅग यावर घरात चर्चा चालू आहे.