मदत हवी आहे: बिल पूर्ण भरूनही सिबिल स्कोअर घसरला, गृहकर्जाचा अर्ज तोंडावर

नमस्कार मंडळी, जरा तातडीने सल्ला हवा आहे.

नाशिकला फ्लॅट पाहिलाय, टोकन दिलंय, गृहकर्जाचा अर्ज याच महिन्यात टाकायचा आहे. गेल्या महिन्यात १२ तारखेला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कॅशलेसची मंजुरी वेळेत आली नाही, म्हणून १ लाख २८ हजारांचं बिल क्रेडिट कार्डावर दिलं. कार्डाचं लिमिट दीड लाख. एरवी माझा खर्च वीस हजारांच्या आत असतो. २० तारखेला स्टेटमेंट आलं आणि एफडी मोडून या ६ तारखेला, मुदतीच्या आत, सगळी रक्कम भरली. तरी काल पाहतो तर स्कोअर ७८१ वरून ७३८! आजवर एकही बिल थकवलेलं नाही.

माझ्या बँकेत ७५० च्या खाली व्याजाचा स्लॅब बदलतो. ३० लाखांवर ८.५ चे ८.७५ टक्के झाले तर हप्ता पावणेपाचशेने वाढतो, वीस वर्षांत लाखाच्या वर जातात. आईच्या औषधपाण्याचा खर्च चालू असताना हे परवडणारं नाही.

४० हजार लिमिटचं एक जुनं कार्ड पडून आहे, ते बंद करू का? लिमिट वाढवून देतो असा बँकेचा मेसेजही आलाय. घ्यावं का?

प्रतिसाद १

आधी आईंना लवकर बरं वाटो.

तुम्ही बिल कधी भरलं यापेक्षा, बँकेने सिबिलला (कर्ज-कार्डांच्या परतफेडीची नोंद ठेवून स्कोअर देणारी कंपनी) कळवलेल्या तारखेला कार्डावर किती बाकी होती, यावर हे ठरलंय. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकांना किमान दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती कळवावी लागते. तुमच्या त्या दोन्ही तारखांना १ लाख २८ हजार बाकी दिसली. कार्डापुरतं पाहिलं तर लिमिटचा वापर ८५ टक्के, दोन्ही कार्डं मिळून ६७. साधारण ३० टक्क्यांच्या आत असावा म्हणतात. ती काही कायद्याची रेघ नाही, पण ८५ म्हणजे फारच झालं. कर्ज देणाऱ्याला सिबिलच्या रिपोर्टात एवढंच दिसतं की हा माणूस लिमिटच्या काठावर आलाय. ऑपरेशन, एफडी यातलं काहीच त्या रिपोर्टात नसतं.

भरणा ६ तारखेला झालाय, म्हणजे या १५ तारखेच्या नोंदीत ही बाकी नसेल. बँकेला माहिती पाठवायला सात दिवस, सिबिलला चढवायला पाच. म्हणून अर्ज २७ तारखेपर्यंत थांबवा आणि रिपोर्ट पुन्हा पाहा. आपला आपण पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

जुनं कार्ड अजिबात बंद करू नका. एकूण लिमिट १ लाख ९० हजारांवरून दीड लाखावर येईल आणि तोच खर्च जास्त टक्क्यांचा दिसेल.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. लिमिट वाढवून घ्यायला हरकत नाही, पण त्यासाठी रिपोर्टवर नवी चौकशी (बँकेने आपला रिपोर्ट तपासल्याची नोंद, तिने स्कोअर थोडा घसरू शकतो) पडणार का, हे कस्टमर केअरला आधी विचारा. पडणार असेल तर कर्ज मंजूर होईपर्यंत राहू द्या. नवीन कार्डाचा अर्ज तर आत्ता नकोच. आणि पुन्हा मोठा खर्च आला तर स्टेटमेंटची वाट न पाहता १५ तारखेच्या किंवा महिनाअखेरच्या दोन-तीन दिवस आधीच ॲपमधून भरून टाका. अशा खर्चाचे ईएमआय करून घेतले तरी उरलेलं मुद्दल लिमिट अडवून बसतं, हे बरेच जण विसरतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बिल्डरकडे दोन आठवडे मागून घेतो. पण २७ नंतरही रिपोर्टात जुनीच बाकी दिसली तर?

प्रतिसाद १

मग सिबिलच्या साइटवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही ईमेल करा, सोबत भरण्याची पावती जोडा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायची तरतूद आहे. कर्ज देणाऱ्या बँकेतल्या अधिकाऱ्यालाही तीच पावती आणि हॉस्पिटलचं बिल दाखवा.