मदत हवी आहे: बेस्किद नीस्की (पोलंड), जंगलातली ट्रेल रन आणि लाकडी चर्चं, तीन दिवसांचा मार्ग

पळपुटा_पुणेकर

मुक्काम क्राकूव. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून दोन मित्र येत आहेत. तिघांचाही सराव सिंहगडाचा, रोज २०-२५ किमी झेपेल. तात्रामध्ये (पोलंडचे उंच डोंगर) गर्दी आणि बर्फाची धास्ती, म्हणून दक्षिण-पूर्वेचा बेस्किद नीस्की ठरवलाय. जंगल, कमी उंचीचे डोंगर आणि युनेस्कोच्या यादीतली लाकडी चर्चं, तिन्ही हवं आहे.

कच्चा बेत असा:
शनिवार: क्रिनित्सा ते विसोवा, मध्ये लात्स्कोवा शिखर.
रविवार: विसोवा, कोझ्ये झेब्रो, रेग्येतूव, रोतुंदा, बार्त्ने.
सोमवार: बार्त्ने ते गोर्लित्से, वाटेत चर्चं.

प्रश्न: अंतरं बरोबर आहेत का? चर्चं आतून बघायला मिळतात का? शूज कुठले? खाण्याचं काय (एकजण शाकाहारी आहे)? अस्वलांचं कितपत मनावर घ्यायचं?

रानवाट

बेत कागदावर छान दिसतो, पण त्यात चर्चं जवळजवळ नाहीतच. वाटा जातात डोंगराच्या धारेवरून आणि चर्चं आहेत खाली दरीतल्या गावांत. धार धरून पळालात तर दिवसभर बीच नावाची पानझडी झाडंच दिसतील. चर्च बघायचं म्हणजे खाली उतरायचं, आणि पुढच्या दरीतल्या चर्चसाठी पुन्हा अडीचशे-तीनशे मीटर चढायचं. म्हणून इथे चढाईचा हिशेब शिखरांवरून मांडू नका, चर्चं मोजा. दिवसाला तीन-चार पुष्कळ झाली.

शनिवारही फार लांबलाय. क्रिनित्साहून लात्स्कोवा करून विसोवा म्हणजे तीस किमीच्या आसपास जातं, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जंगलात त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येतं.

मी असं करेन. क्राकूवहून बसने गोर्लित्से (अडीच-तीन तास), तिथून विसोवाची बस धरून ऊश्च्ये गोर्लित्स्क्येला उतरायचं. तिथून:

ऊश्च्ये ते क्वियातोन ३ किमी डांबरी. मग स्क्विर्त्ने, तिथून छोट्या खिंडीतून रेग्येतूव. रेग्येतूवहून लाल खुणांची वाट धरून कोझ्ये झेब्रो (८४७ मी), पलीकडे उतरून हान्चोवा, शेवटी दरीतून विसोवा. साधारण २२ किमी, चढ साडेपाचशे-सहाशे मीटर. ऊश्च्ये, क्वियातोन, स्क्विर्त्ने, हान्चोवा आणि विसोवा, सगळीकडे लाकडी चर्च आहे. सगळी आतून बघायचा हट्ट धरू नका. क्वियातोनला अर्धा तास द्या, बाकीची बाहेरून.

एक सूचना. नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. नकाशात शोधताना पोलिश स्पेलिंग लागेल. ज्या एल अक्षराला तिरकी रेघ असते त्याचा उच्चार 'व' होतो, हे लक्षात असलं की बसवाल्याशी बोलणं निम्मं सोपं होतं.

भटकभवानी

रानवाटला +१. चर्चबद्दल थोडं.

इथे दोन जाती आहेत. 'कोश्च्यूल' म्हणजे रोमन कॅथलिक आणि 'त्सेर्क्येव' म्हणजे पूर्वेच्या ख्रिस्ती पंथाचं, लेम्को लोकांनी (या डोंगरांतला पूर्व-स्लाव्ह समाज) बांधलेलं. युनेस्कोच्या यादीतही ती दोन वेगळ्या नोंदींखाली येतात: २००३ साली दक्षिण मावोपोल्स्का प्रदेशातली सहा लाकडी चर्चं (सेंकोवा त्यांतलंच), आणि २०१३ साली पोलंड व युक्रेनमधल्या मिळून सोळा त्सेर्क्येव. क्वियातोन आणि ओव्चारी या दुसऱ्या नोंदीतली.

लेम्को त्सेर्क्येवला ओळीने तीन भाग असतात: पुढे पडवीसारखी खोली, मधे सभागृह, मागे गाभारा. पश्चिमेकडचा मनोरा सर्वांत उंच आणि पूर्वेकडे उतरत जाणारे कळस. गाभारा पूर्वेला. म्हणजे धारेवरून खाली चर्च दिसलं की उंच मनोरा बघून पश्चिम कळते. धुक्यात फोनची बॅटरी गेली तर याचा उपयोग होतो, गंमत म्हणून सांगत नाही.

ऑक्टोबरात बहुतेक ठिकाणी दार बंद असतं. दारावर किंवा पाटीवर किल्ली कोणाकडे आहे त्याचा फोन नंबर लावलेला असतो. आदल्या दिवशी फोन करा, पोलिश येत नसेल तर वेळ आणि माणसांची संख्या एसएमएसने पाठवा. रविवारी सकाळी चर्चं उघडी असतात ती प्रार्थनेसाठी. ओव्चारीला रोमन आणि ग्रीक कॅथलिक दोघेही तेच चर्च वापरतात, तेव्हा रविवारी मध्ये घुसायची फट कमीच. प्रार्थना संपल्यावर पाच मिनिटं थांबलात तर कोणी नाही म्हणत नाही. पेटीत दहा-वीस झ्वॉटी (पोलिश चलन) टाका. चिखलाचे शूज बाहेर काढा. आतली लाकडी जमीन शेकडो वर्षांची आहे आणि त्यावर ओला चिखल घासून साफ करणाऱ्या बाई बहुधा सत्तरीच्या असतात.

सेंकोवाचं चर्च साधारण १५२० चं. त्याच्याभोवती जमिनीपर्यंत उतरणारं छप्पर आणि खाली मोकळा सोपा आहे. त्या सोप्याचं नाव 'सोबोती', म्हणजे शनिवार. लांबून शनिवारीच येऊन पोचलेले लोक रविवारच्या प्रार्थनेपर्यंत तिथे टेकत. पाऊस आला तर तुम्हीही टेका.

चिखलगुरू

आता खरा विषय: चिखल.

इथला खडक फ्लिश, म्हणजे वालुकाश्म आणि चिकणमातीचे शेल यांचे एकावर एक थर. पाणी खाली मुरत नाही, वरच तुंबतं. त्यात लाकूडतोडीचे ट्रॅक्टर ओंडके ओढून नेतात, त्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात. ऑक्टोबरात त्यावर बीचची पानं पसरली की खड्डा आणि सपाट जमीन यात फरक कळत नाही. घोटा मुरगळतो तो इथे, खडकावर नाही. क्रिनित्सा ते कोमान्चा ही दीडशे किमीची लेम्कोविना अल्ट्रा-ट्रेल शर्यत याच वाटांवर ऑक्टोबरात होते आणि ती चिखलासाठीच ओळखली जाते. तुमची तारीख शर्यतीच्या शनिवार-रविवारी येत नाही ना बघा. आली तर खोल्या मिळणार नाहीत, आणि नंतर आलात तर वाट नांगरलेली मिळेल.

शूज: सोलचे लग (तळाचे दात) ५-६ मिमी आणि एकमेकांपासून लांब लांब असलेले. जवळ जवळ असले की मध्ये माती भरते आणि दहा पावलांत सोल गुळगुळीत. सह्याद्रीत कातळावर चालणारे ३-४ मिमीचे शूज इथे कामाचे नाहीत. वॉटरप्रूफ शूज घेऊ नका. पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. जाळीचा शूज, पातळ लोकरी मोजे आणि पिशवीत कोरड्या मोज्यांची एक जोडी. लेस दुहेरी गाठ मारून आत खोचा, चिखल शूज ओढून काढतो. काठ्या न्या.

वेळेचा हिशेब: कोरड्यात जेवढा लागेल त्याच्यावर तिसरा हिस्सा वाढवा.

चाकोरी भरलेली दिसली तर तिच्या काठावरून तोल सांभाळत जायचा मोह होतो. काठच निसरडा असतो. सरळ मधून जा, तळ बहुतेक वेळा घट्ट लागतो.

पळपुटा_पुणेकर

बाप रे, धन्यवाद. म्हणजे लात्स्कोवा सोडायचंच का? ९९७ मीटर, इथल्या पोलिश बाजूचं सर्वांत उंच, मित्रांनी त्याचंच नाव घेतलंय.

रानवाट

सोडू नका, वेगळा दिवस द्या. विसोवाहून सकाळी गाडी मिळाली तर इझ्बी गावातून वर्तुळ करा: इझ्बी, बेस्किद खिंड, स्लोवाकियाच्या सीमेवरच्या वाटेने लात्स्कोवा, पलीकडे पुवास्की खिंड, तिथून खाली मातीच्या रस्त्याने ब्येलिच्ना आणि परत इझ्बी. वीस किमीच्या आतच आहे.

दिशा हीच ठेवा. पश्चिमेचा चढ इतका उभा आहे की लोक त्याला 'रडण्याची भिंत' म्हणतात. सिंहगडच्या आतकरवाडीच्या वाटेला पायऱ्या आणि दगड नसते आणि वर ओली पानं असती तर जे झालं असतं ते. वर जाताना झाडं धरून जमतं. त्याच बाजूने ओल्यात उतरलात तर बसूनच उतराल. शिखरावर झाडी आहे, देखावा शोधू नका.

ब्येलिच्ना नकाशात गाव म्हणून दिसतं. गाव नाहीच. १७९६ चं दगडी चर्च, थोड्या कबरी आणि गवत. १९४७ च्या 'विस्तुला मोहिमे'त पोलिश सरकारने लेम्कोंना या डोंगरांतून हलवलं, आणि अशी कितीतरी गावं नकाशात नावापुरती उरली. रादोत्सिना आणि न्येझ्नायोवाही त्यातलीच. म्हणून नकाशावर नाव दिसलं की तिथे पाणी, दुकान, बस मिळेल असं धरू नका. हा नुसता इतिहास नाही, पाण्याची बाटली भरायचा नियम आहे. दीड लिटर माणशी घेऊन निघा. ओढ्यांच्या वर गुरं-घोडी चरतात, गाळल्याशिवाय पिऊ नका.

सीमेच्या धारेवर फोन स्लोवाक नेटवर्क पकडतो. दोन्ही देश शेंगेनमध्ये, पलीकडे पाय पडला तर अडचण नाही, पण मित्रांना पासपोर्ट जवळ ठेवायला सांगा.

भटकभवानी

शेवटच्या दिवसासाठी बार्त्ने सोडा, तिथून बसची वानवा आहे. त्यापेक्षा गोर्लित्सेजवळचा तुकडा घ्या: सेंकोवा, मग ओव्चारी, तिथून चढून मागुरा मावास्तोव्स्का (८१३ मी), मग पीटीटीकेची (पोलिश पर्यटन संघटना) झोपडी, म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर, आणि खाली खिंड. सोळा-अठरा किमी. युनेस्कोची दोन्ही चर्चं पहिल्या निम्म्यात येतात, खिंडीत मोठा रस्ता लागतो आणि गोर्लित्सेची बस मिळू शकते. वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा, हुकली तर पुढची लवकर नसते.

खिंडीत पहिल्या महायुद्धातली ६० क्रमांकाची सैनिकी दफनभूमी आहे. पहिल्या दिवशी पाय शिल्लक असले तर रेग्येतूवहून उलट्या दिशेला रोतुंदावर (७७१ मी) ५१ क्रमांकाचीही बघता येईल, जाऊन-येऊन पाच किमी जास्तीचे. दोन्ही स्लोवाक वास्तुकार दुशान युर्कोविच यांच्या. रोतुंदावर पाच उंच लाकडी मनोरे, चर्चवर असतात तशाच फळ्यांच्या कौलांनी मढवलेले. मला विचाराल तर लात्स्कोवापेक्षा हे बघण्यासारखं. आत पळू नका, चाला.

चिखलगुरू

राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं पटापट.

खाणं: रविवारी दुकानं बंद. मालक स्वतः गल्ल्यावर बसला असेल अशी छोटी दुकानं कधी उघडी असतात, भरवसा नाही. शनिवारी दुपारीच रविवारचं घ्या. शाकाहारी मित्राला 'प्येरोगी रुस्क्ये' शिकवा: बटाटा आणि ताज्या चीजचे. मात्र 'वरून बेकन नको' हे सांगावंच लागतं, फोडणी त्याचीच असते. झोपड्यांत रोख ठेवा.

अस्वल: आहे, पण दिसणं दुर्मिळ. झाडीत बोलत जा, पुरे. खरा त्रास गोचिडीचा. ऑक्टोबरातही असते. लांब मोजे घाला, संध्याकाळी गुडघ्याची मागची बाजू, जांघा, काखा तपासा, चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल-साबण लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर थेट डॉक्टर.

शिकार: शरद ऋतूत हाके असतात. नारिंगी किंवा भडक टी-शर्ट घाला, काळा नको. 'झाकाझ व्स्तेंपु' अशी पाटी म्हणजे प्रवेशबंदी, बहुधा पुढे लाकूडतोड चालू. वळसा घ्या, पाटीच्या पलीकडे झाड पडत असतं.

खुणा: पांढरा-रंग-पांढरा असे तीन पट्टे. तोडलेल्या भागात खुणेचं झाडच गेलेलं असतं. दोनशे मीटरमध्ये खूण दिसली नाही तर मागे फिरा. मार्ग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या.

अडचणीत: डोंगरी बचाव दल गोपर, ९८५ किंवा ६०१ १०० ३००. 'रातुनेक' नावाचं अ‍ॅप आधीच टाकून नोंदणी करून ठेवा, ते ठिकाणही कळवतं. स्लोवाक बाजूला असाल तर ११२. हेडलॅम्प, फॉइल ब्लँकेट आणि शिट्टी तिघांकडेही वेगवेगळी हवी, एकाच्या पिशवीत तिघांची नको.

पळपुटा_पुणेकर

सगळ्यांचे आभार. बदललेला बेत: शनिवारी ऊश्च्ये ते विसोवा, रविवारी इझ्बी-लात्स्कोवा वर्तुळ (खाणं शनिवारीच), सोमवारी सेंकोवा-ओव्चारी-मागुरा. रविवारी विसोवाहून इझ्बीला जायला काय मिळेल?

रानवाट

रविवारी बस धरू नका. ज्यांच्याकडे उतराल त्या यजमानांना खोली ठरवतानाच विचारा, पैसे घेऊन सोडतात. ते जमलं नाही तर हान्चोवाहून रोप्की, तिथून हिरव्या खुणांनी ओस्त्री व्येर्ख गाठून धारेवर या आणि लात्स्कोवा पूर्वेकडून करून त्याच वाटेने परत फिरा. म्हणजे भिंत उतरायची वेळच येणार नाही.