‘टेक’ला लॅटिनमध्ये काय म्हणायचं?

प्रश्न: लॅटिन शिकतो आहे. इंग्रजी ‘टेक’साठी कोशात पहिला शब्द ‘कापेरे’ सापडला. सगळीकडे तोच वापरला तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. ‘कापेरे’ म्हणजे धरणं, काबीज करणं. शहर, शस्त्रं, कैदी यांना ते शोभतं. ‘कोन्सिलिउम कापेरे’ (बेत ठरवणं) आणि ‘सोम्नुम कापेरे’ (झोप लागणं) हेही रुळलेले प्रयोग आहेत. पण आपल्या मर्जीनं उचलून घ्यायचं तर ‘सूमेरे’, आणि कोणी दिलेलं घ्यायचं तर ‘आक्किपेरे’.

‘टेक’मध्ये आपलं घेणं आणि नेणं दोन्ही येतं. वाक्य आधी मनात मराठीत करून बघा, निम्मा गुंता तिथेच सुटतो. नेणं असेल तर लॅटिनला आणखी एक भेद लागतो: माणूस किंवा जनावर चालत येणार असेल तर ‘दूकेरे’, वस्तू वाहून न्यायची असेल तर ‘फेर्रे’ किंवा ‘पोर्तारे’. म्हणून पुरुषाचं लग्न करणं म्हणजे ‘उक्सोरेम दूकेरे’. स्त्रीसाठी हा प्रयोग करू नका. तिच्यासाठी ‘नूबेरे’, आणि नवऱ्याचा शब्द चतुर्थी विभक्तीत.

चतुर्थी आणखी एका ठिकाणी चकवते. ‘माझ्याकडून तलवार हिसकावली’ याचं लॅटिन ‘मिही ग्लादिउम एरिपुइत’. ‘मिही’ म्हणजे ‘मला’! आपल्या कानाला तिथे पंचमी हवीशी वाटते.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे शपथ. आपण ती घेतो, इंग्रजही घेतो, रोमन मात्र देतो: ‘यूस यूरान्दुम दारे’. ‘आक्किपेरे’ वापरलंत तर समोरच्यानं वाहिलेली शपथ तुम्ही स्वीकारलीत, असा अर्थ होईल. शिक्षेचंही तसंच. ‘पोइनास दारे’ म्हणजे शब्दशः दंड देणं, पण अर्थ शिक्षा भोगणं. शिक्षा करणारा ‘पोइनास सूमेरे’ करतो. सरावात याच दोन जोड्या घोटून घ्या, बाकीचं वाचता वाचता बसतं.

प्रश्न: मग ‘टेक प्लेस’, ‘टेक केअर’, ‘टेक रूट’?

उत्तर: यांत ‘घेणं’ शोधूच नका. घडणं म्हणजे ‘फिएरी’ किंवा ‘एवेनीरे’. निरोपाच्या ‘काळजी घे’साठी ‘कूरा उत वालेआस’ लिहा, रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांच्या शेवटी ते भेटतं. मूळ धरण्याला ‘रादीकेस आगेरे’ म्हणतात. ‘आगेरे’ म्हणजे गुरं हाकण्यातलं हाकणं, झाड आपली मुळं जमिनीत पुढे हाकतं.