शनिवारी रात्रीसाठी डिटेक्टिव्ह टाइप बोर्डगेम सुचवा

कोथरूडची_मनी: आम्ही सात जण बसणारोत, क्लूडो खेळून खेळून जाम कंटाळा आलाय, त्यात सगळे आयटीवाले, कागदावर फुल्या मारत मारत उत्तर काढतात आणि मग खुनाची मजाच जाते. दुसरं काही?

पेठेतलाच: क्लूडोत 6 संशयित, 6 हत्यारं, 9 खोल्या, म्हणजे 324 शक्यता, गणितच आहे ते! मिस्टेरियम घ्या, सात जण बरोब्बर बसतात. एक जण भूत, त्याने अवाक्षर काढायचं नाही, नुसती स्वप्नांची चित्रं द्यायची, त्यावरून बाकीच्यांनी खुनी, जागा, हत्यार ओळखायचं. आमच्या भुताने एक कार्ड नुसतं लाल रंगासाठी दिलं आणि मंडळी अर्धा तास त्यातल्या शिडीवर भांडली, भूत बिचारं कपाळाला हात लावून बसलेलं

निशाचर: एक्झिट ही कोडी सोडवायच्या गेम्सची सिरीजपण भारीये, पण त्यात कार्डं कापायची, कागद दुमडायचे, एकदा सुटलं की डबा रद्दीत, आपल्या पुणेरी जिवाला ते झेपत नाही 😄 शिवाय चारच्या वर गर्दी होते

कोथरूडची_मनी: रद्दी नको बाई. मिस्टेरियमच बघते, भूत नवऱ्याला करते, तेवढाच गप्प बसेल

पेठेतलाच: बाकरवडीचे हात कार्डांना लावू देऊ नका फक्त