लिस्बन शहराखालचे रोमन अवशेष पाहण्याविषयी

प्रश्न (फोंडा)

सप्रेम नमस्कार. माझी धाकटी बहीण लिस्बनला स्थायिक झाली असून चतुर्थी आटोपल्यावर आई आणि मी सप्टेंबरअखेरीस तिच्याकडे जाणार आहोत. पोर्तुगीज राजवटीच्या खुणा आपण गोव्यात लहानपणापासून पाहत आलो आहोत; त्यांच्याच राजधानीच्या पोटात त्यांच्याही आधीच्या रोमन सत्तेचे काय उरले आहे, हे पाहण्याची मला मनापासून ओढ आहे. रुआ दा प्राता या रस्त्याखालची भुयारे वर्षातून मोजकेच दिवस उघडतात, असे वाचले. असे का, आणि गुडघेदुखी असलेल्या आईला तिथे उतरता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (मडगाव)

कारण पाणी. एरवी ही भुयारे भूजलाने भरलेली असतात आणि ते पंपाने उपसून काढल्याखेरीज आत पाऊल ठेवता येत नाही. साधारणपणे एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये काही दिवस ती खुली होतात. लिस्बन संग्रहालयाने तारखा जाहीर केल्या की तिकिटे पाहता पाहता संपतात, म्हणून बहिणीला आतापासूनच लक्ष ठेवायला सांगा.

१७५५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या शहराची पुनर्बांधणी चालू असताना, १७७१ मध्ये ही भुयारे सापडली. वैद्यकदेवता एस्क्युलेपियस हिला अर्पण केलेला शिलालेख तिथे मिळाल्याने पूर्वी काहींनी ती स्नानगृहे मानली. आज मात्र अभ्यासक त्यांना इसवी सनाच्या पहिल्या शतकातला भूमिगत चौथरा मानतात: तेजो नदीकाठच्या भुसभुशीत, उतरत्या जमिनीवर मोठ्या इमारती उभ्या राहाव्यात म्हणून रोमनांनी आधी कमानींची ही दालने बांधली आणि त्यांच्या छतावर सपाट जागा मिळवली. पुढे लोकांनी त्याच दालनांचा विहिरीसारखा वापर केला. एका दालनाला गेलेल्या तड्यातून अजूनही पाणी झिरपते, ते जवळून पाहता येते. माझ्या मते संपूर्ण भेटीतले सर्वांत बोलके दृश्य तेच आहे, कारण दोन हजार वर्षे हा भार पेलणारे बांधकाम पाण्यातच उभे आहे, हे तिथे डोळ्यांना दिसते.

आईंना मात्र नेऊ नये. प्रवेश ट्रॅमच्या रस्त्यातच असलेल्या झाकणाखालून आहे, जिना अरुंद आणि उभा आहे, आणि खाली जमीन ओली असते.

उत्तर (पेडणे)

मडगावच्या सभासदांशी मी सहमत आहे. त्यांच्या माहितीत भर म्हणून रुआ दुश कोरेइरुश या जवळच्याच रस्त्यावरील स्थळ सुचवतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका बँकेच्या इमारतीचे काम चालू असताना तिच्या तळाशी रोमन काळातली मासे खारवण्याची दगडी टाकी उघडी पडली. बँकेने ती जागेवरच जपली असून मार्गदर्शकासह ती विनामूल्य पाहता येते. मात्र वेळ आधी ठरवावी लागते.

ओलिसिपो, म्हणजे तेव्हाचे लिस्बन, या धंद्यावर पोसले गेले होते. मासे आणि मीठ यांचे थर टाक्यांत रचून मासे खारवले जात, तर आतडी वगैरे मिठात मुरवून 'गारुम' नावाचे तिखट वासाचे कालवण तयार होई. असा माल मातीच्या उंच कुंभांत भरून जहाजांनी दूरदूर जात असे. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, खारे मासे भरून ठेवणाऱ्या आपल्या घरांतल्या माणसाला या टाक्यांपाशी उभे राहिल्यावर काही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच तळघरात भूकंपानंतर नव्या इमारतींचा पाया धरण्यासाठी ठोकलेले लाकडी खांबही दिसतात. ते आवर्जून पाहा, कारण दलदलीच्या जमिनीवर शहर कसे उभे करावे, हाच प्रश्न पुन्हा सोडवावा लागल्याचे ते दाखवतात. आईंना तिथे किती चालता-उतरता येईल, हे वेळ ठरवतानाच विचारून घ्यावे.

प्रश्नकर्ता (फोंडा)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. भुयारांची तिकिटे मिळाली नाहीत, तर तशाच बांधणीची दुसरी जागा आहे का?

उत्तर (मडगाव)

आहे, आणि ती वर्षभर खुली असते. लिस्बनहून आगगाडीने सुमारे दोन तासांवर कोइंब्रा आहे. तिथल्या माशादु दि काश्त्रु राष्ट्रीय संग्रहालयाच्या खाली रोमन एमिनियम नगराच्या चौकाला आधार देणारी दुमजली भूमिगत दालने आहेत. तिथे पाणी उपसावे लागत नसल्याने घाई न करता फिरता येते. संग्रहालय चढणीवर आहे, तेव्हा आईंसाठी स्थानकापासून टॅक्सी करावी.