'कॅश साफ करा': कोणती कॅश?

शब्दवेडी: एका पतसंस्थेच्या ॲपची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. 'अडचण आल्यास कॅश साफ करा' असं लिहिलं (कॅश म्हणजे cache, ॲपने फोनमध्ये तात्पुरत्या ठेवलेल्या प्रती), तर तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारली: पैशाच्या ॲपमध्ये हे वाचून सभासद घाबरतील. पटलं मला. मग 'कॅशे' लिहू, की 'तात्पुरता साठा'?

कृष्णाकाठ: 'कॅशे' नकोच. मूळ फ्रेंच क्रियापद 'लपवणे' या अर्थाचं, आणि उच्चार कॅश. कॅशे हा वेगळा शब्द, प्रतिष्ठेची मोहोर. दडवलेल्या साठ्याला आपल्याकडे पेव आहे की, जमिनीखालचं कोठार! सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती.

प्रॉक्सी: पेव एकदा बुजवलं की महिनोन् महिने उघडत नाहीत. इथे उलट आहे. आमच्या हॉस्टेलला सगळ्यांत मिळून इंटरनेटची एक बारीकशी लाइन, तिच्या तोंडाशी एका मशिनवर स्क्विड लावलेलं, म्हणजे मागवलेल्या पानांच्या प्रती ठेवणारं सॉफ्टवेअर. सकाळी पहिल्याने बातम्यांचं पान उघडलं की त्यातली चित्रं त्या मशिनवर राहायची. नंतरच्यांना ती तिथूनच मिळायची, लाइनवर पुन्हा ओझं नाही. प्रतीची मुदत संपली की सर्व्हरला विचारायचं, 'ही अजून चालेल का?' बदल नसेल तर उत्तर नुसतं 304, म्हणजे 'बदल नाही' हा सांकेतिक आकडा, सोबत मजकूर काहीच नाही. म्हणून मी 'उतारा' म्हणेन. सातबाऱ्यासारखं: नोंद दप्तरी, हातात उतारा, आणि तो जुना तर नाही ना हे बघायचं.

टंकलेखक: 'उतारे साफ करा' कुणाला कळणार? 1968 साली आयबीएमने सिस्टीम/360 मॉडेल 85 या संगणकाच्या जलद मेमरीला 'कॅश' म्हटलं, तेव्हा इंग्रजी वाचकांनाही हा अर्थ नवाच होता. वापरून रुळला. फोनवर 'कॅशे' दिसतं, लोक तेच दाबतात. फ्रेंच उच्चाराशी सभासदाला काय घेणं?

कृष्णाकाठ: टेबल, बटण हे शब्द आपण ऐकून घेतले, म्हणून मराठी झाले. 'कॅशे' कुणीतरी स्पेलिंग वाचून लिहिलंय. त्याला रुळणं म्हणत नाहीत.

प्रॉक्सी: तसं हॉस्टेलवालं तंत्रही आता फारसं चालत नाही. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवण्याच्या पद्धतीमुळे, मधल्या मशिनला आतलं काही दिसत नाही. आता साठे कंपन्याच जवळ आणून ठेवतात. नेटफ्लिक्सची यंत्रं इंटरनेट पुरवठादारांच्या जागेत असतात, वर्दळ कमी असताना भरून घेतात. त्यांना पेव म्हणा, माझी हरकत नाही.

शब्दवेडी: 'ॲपने फोनमध्ये ठेवलेल्या जुन्या प्रती पुसा' असं लिहिलं तर? पण बटणावर 'कॅशे'च आहे, मग वाचणारा शोधणार काय?

बालाघाट: पेवापेक्षा बळद जवळचं. घरातच असायचं, जमिनीखाली उतरायला नको. दळणापुरतं धान्य त्यातूनच निघायचं.

कृष्णाकाठ: पण बळदही सुगीला एकदाच भरायचं ना? आणि तुमच्याकडे धान्य वरून उतरून काढायचे, की खाली तोंड असायचं? आजोळी दोन्ही प्रकार ऐकलेत.

बालाघाट: आमच्याकडे खाली तोंड, बोळा लावलेलं. वरून काढायचे ते कुठे?