गाडी सुटते कुठून, पोचते कुठे: एकच टेबल दोनदा जॉइन करायचं कसं?

प्रश्न:
मायएसक्यूएल डेटाबेस. 'गाड्या' टेबलात क्रमांक, सुट_आयडी, पोच_आयडी. 'स्थानके'मध्ये आयडी आणि नाव. 12123 डेक्कन क्वीनच्या एकाच ओळीत मुंबई सीएसएमटी आणि पुणे ही दोन्ही नावं हवीत. जॉइनच्या (टेबलं जोडण्याच्या) अटीत दोन्ही आयडी 'अँड'ने जोडले तर काहीच येत नाही, 'ऑर'ने जोडले तर प्रत्येक गाडी दोनदा. स्थानके दोनदा लिहिलं की एरर 1066 (टेबलाचं नाव वेगळं नाही).

उत्तर 1:
'अँड'ने येणार कसं? स्थानकेतली एकच ओळ मुंबईही आणि पुणेही असू शकत नाही. 'ऑर'ला दोन ओळी जुळतात, म्हणून गाडी दोनदा. टेबल दोनदाच जोडायचं, पण दर वेळी वेगळ्या एलियसने, म्हणजे टोपणनावाने. तो नसल्यामुळेच 1066 येतोय.

सिलेक्ट ग.क्रमांक, सु.नाव अ‍ॅज कुठून, पो.नाव अ‍ॅज कुठे
फ्रॉम गाड्या ग
जॉइन स्थानके सु ऑन सु.आयडी = ग.सुट_आयडी
जॉइन स्थानके पो ऑन पो.आयडी = ग.पोच_आयडी

आयडी प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) असेल तर वेगळा इंडेक्स (शोधायची सूची) नको, दोन्ही शोध तिच्यावरूनच होतात.

उत्तर 2:
वरचे 'अ‍ॅज' गाळू नका. पीएचपीत ओळ कॉलमच्या नावाने किंमती ठेवणाऱ्या असोसिएटिव्ह अ‍ॅरेत घेतली आणि दोन्ही कॉलम 'नाव'च राहिले, तर नंतरचा आधीच्याला पुसतो. हाती फक्त पुणे. एररही येत नाही, बसा शोधत.

उत्तर 3:
पुढे मार्गे_आयडी घालणार असाल आणि तो काही गाड्यांना नल (रिकामा) असेल, तर तिसरा जॉइन (स्थानके मा) लेफ्ट ठेवा, म्हणजे जुळणी नसली तरी गाडीची ओळ राहते, नाहीतर त्या गाड्या गायब. आणि मा.नाव = 'कल्याण' ही अट 'व्हेअर'मध्ये टाकलीत की लेफ्टचा उपयोग संपला; नलवाल्या ओळी तिथेच गळतात. सगळ्या गाड्या हव्या असतील तर अट 'ऑन'मध्ये.

प्रश्नकर्ता:
चाललं! 'थांबे' टेबलात गाडी, स्थानक, क्रम आहेत. दादरला चढून पुण्याला उतरता येईल अशा गाड्या याच पद्धतीने?

उत्तर 1:
हो. थांबे च, थांबे उ, च.गाडी = उ.गाडी, च.स्थानक दादर, उ.स्थानक पुणे आणि च.क्रम < उ.क्रम. ही शेवटची अट राहिली तर पुण्याहून येणारी 12124 पण यादीत बसेल. स्थानकांच्या अटी काढून चालवून पाहिलंत तर दहा थांब्यांच्या गाडीच्या 45 ओळी येतील, क्रमाचीही काढलीत तर 100. घाबरू नका, हिशोब बरोबर आहे.